नेपाळहून आलेला फोन

ते प्रकरण तसे लहान होते, पण मी खात्यातून बाहेर पडले तरी ते मनातून गेले नाही. तेव्हा मी ग्वाल्हेरमध्ये उपनिरीक्षक होते. नेपाळात दंगल पेटली होती, तुरुंगांतून कैदी पळाले होते आणि ठाण्यातल्या टीव्हीवर सकाळपासून तेच चालू होते.

दुपारी शिंदे की छावनी या वस्तीतून एका मराठी काकांचा फोन आला. गौरींचे चांदीचे मुखवटे सापडत नव्हते आणि त्यांचा नेपाळी स्वयंपाकी बॅग भरत होता. आम्ही त्याला बॅगेसकट ठाण्यात आणले.

"अकरा वर्षं आहे आमच्याकडे," मागोमाग आलेले काका म्हणाले, "पण आता कोणाचा भरोसा करायचा? तिथली जेलं तुटली आहेत, पाहिलं नाही का तुम्ही?"

बॅगेत कपडे होते आणि मुलीचा एक नवा फ्रॉक.

"किसको दे आया?" हवालदाराने दरडावले. "साथी कौन है?"

"कोई नहीं, साब. तीन दिन से बेटी से बात नहीं हुई. घर जा रहा था."

तेवढ्यात आम्ही काढून घेतलेला त्याचा फोन टेबलावर वाजला. नंबर नेपाळचा होता. तो उठू लागला. खरे तर तपासासाठीही तो स्पीकरवर घ्यायला हवा होता. साथीदार असेल असे वाटून मी फोन कट केला.

"मुखवटे आखिरी बार कब देखे?" मी विचारले.

"विसर्जन के दिन. इंदौर वाली ताईजी के हाथ में."

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, सणाला आलेली. आमच्या घरी विसर्जनानंतर मुखवटे धान्यात ठेवतात, घरात बरकत राहावी म्हणून.

"काका, गव्हाची कोठी पाहिली?"

"आम्ही तर कपाटात ठेवतो."

"आणि ताई?"

काकांनी बहिणीला फोन लावला. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "लक्ष्मीला काय लोखंडी कपाटात कोंडायचं? गव्हात आहेत! तुझ्या बायकोला सांगितलं होतं, ती टीव्हीत डोकं घालून बसली होती!"

काकांनी घरी फोन करून बायकोला कोठीत पाहायला सांगितले, मुखवटे तिथेच निघाले.

"चल रे, घरी चल," काका ओशाळून म्हणाले.

तो हलला नाही. "पहले मेरा फोन."

व्हरांड्यात उभा राहून तो नंबर लावत राहिला. आठव्या-नवव्या वेळी लागला. तो बराच वेळ बोलला, रडला, हसलाही.

"काय म्हणते मुलगी?" फोन चालू असतानाच काकांनी हळूच विचारले.

"पूछ रही है, फोन क्यों काटा."

संशयाला आधार लागतो, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. त्या दिवशी मला सकाळच्या बातम्या पुरल्या. अकरा वर्षांबद्दल मी काकांना एक प्रश्नही विचारला नव्हता.

"उसको बताओ, मैंने काटा था," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले आणि फोनवर म्हणाला, "नेटवर्क थिएन, नानी." नेटवर्क नव्हतं, बाळा. एवढे नेपाळी मलाही कळले.