लिस्बन ते वॉर्सा, नलूमावशींच्या मते

नलूमावशींना भूगोल कळत नव्हता, याबद्दल मी जन्मभर देवाचे आभार मानीन.

आज सकाळी त्या गेल्या.

इथे झिंज भागात आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या चिपळूणच्या. काकांच्या नोकरीमुळे बहरीनला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या.

माझी ईरा शिकायला वॉर्साला निघाली, तेव्हा मला म्हणाल्या,
"अगो, काळजी कसली करतेस? आमचा मिलिंद आहे ना युरोपात. जवळच."

मिलिंद, म्हणजे त्यांचा मुलगा, लिस्बनला.
मी फोनवर मॅप उघडून दाखवला. तो पार या टोकाला, ही पार त्या टोकाला.
"युरोपच ना पण?" म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या.

घरी येऊन आम्ही खूप हसलो होतो.

मग त्या हिवाळ्यात ईराचं अपेंडिक्स. तातडीचं ऑपरेशन.
पोर तिथे एकटी. आणि आम्हा दोघांकडेही शेंगेन व्हिसा नाही. कितीही अर्जंट म्हटलं तरी काही दिवस जाणारच होते.

मी मावशींच्या किचनमध्ये ओट्याला धरून रडले.

त्यांनी हात पुसले आणि मिलिंदला फोन लावला. स्पीकरवर.

"आई, तुला वाटतं तेवढं ते जवळ नाहीये गं. पावणेतीन हजार किलोमीटर आहे. डायरेक्ट फ्लाइट मिळाली तरी चार तास."
"व्हिसा लागतो?"
"नाही."
"मग जवळच की रे! यल्ला, निघ."
"अगं, मी त्या मुलीला ओळखतसुद्धा नाही!"
"शुद्धीवर आली की करून घे ओळख."

मिलिंद गेला.

ईराला हॉस्पिटलमधून सोडलं, त्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा एवढासा झालेला, पण हसत होती.
"आई, धिस दादा मेड मी मऊ भात. इट्स टेरिबल."
मागून मिलिंद ओरडला, "तांदूळच तसला मिळतो इथे!"

तिची ती तक्रार ऐकली आणि मी खाली बसले. मला वाटतं, तेव्हाच पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मी पोचेपर्यंत तो तिथेच होता. ऑफिसचं काम तिच्या रूमबाहेर, कॉरिडॉरमध्ये बसून करायचा.

परत आल्यावर मावशींच्या पाया पडायला गेले, तर म्हणाल्या,
"ते राहू दे. पोरीने त्याच्या भाताला नावं ठेवली, ते खरं का?"

मी मॅपमध्ये अंतर बघत होते. तिथे आपलं कुणीतरी आहे, एवढंच त्यांना दिसलं होतं.

आता मिलिंद विमानात आहे. लिस्बनहून इथे यायला त्याला मध्ये विमान बदलावं लागतं.
ईराने वॉर्साहून त्याला मेसेज केलाय, "दादा, माय आई इज विथ काका. डोन्ट वरी."

काकांनी थोडा चहा घेतलाय. मी त्यांच्याजवळच बसलेय, मिलिंद दारात येईपर्यंत हलणार नाही.

मावशी, तुम्ही निवांत जा.