क्रेदो आणि काठोकाठ भरलेला तांब्या

चर्चच्या माळ्यावरून मला खाली उतरवलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि तोंडाची फटकळ होते. वय वाढलं, तोंड तसंच राहिलं.

मुख्य दाराच्या वर लाकडी माळा होता. तिथं गाणारे आणि वाजवणारे बसत: अण्णांचं व्हायोलिन, दोन क्लॅरिनेटवाले, चार पुरुष आणि आम्ही तीन मुली. अण्णा म्हणजे माझे वडील. आठवडाभर बेळगावच्या कॅम्पात शिलाईचं दुकान चालवायचे आणि रविवारी मेस्त व्हायचे. चर्चमध्ये गाणं बसवणाऱ्याला आमच्यात मेस्त म्हणतात. गाणं सुरू व्हायच्या आधी मी अण्णांकडे बघून हनुवटी जरा वर करायची, की ते तारेवर गज एकदाच ओढायचे. तो आमचा सूर. लहानपणापासून मी सूर घेतला तो त्या एका ओढीवरून, दुसरीकडून कधीच नाही.

मग नवे फादर आले आणि त्यांच्याबरोबर नवे नियम आले. रोमच्या पोपचा हुकूम तसा जुना होता, पण आमच्या चर्चपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या मोठ्या प्रार्थनेत, आता व्हायोलिन नको, क्लॅरिनेट नको. फार जुन्या काळचं साधं लॅटिन गाणं म्हणायचं, तेही तालाशिवाय. बायकांनी माळ्यावर चढायचं नाही. मात्र खाली बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, आता गायचं. नुसतं ऐकत बसायचं नाही. त्यासाठी तरुण पोरापोरींना मेस्तनं तयार करायचं.

मला असा राग आला की मी तिथंच विचारलं, "फादर, वर गायलं की चूक आणि खाली गायलं की बरोबर? देव काय जिना मोजतो का?"

आईनं मला चिमटा काढला. फादर मात्र हसले. म्हणाले, "नियम मी केला नाही, बाळ. पण खालच्या गाण्याला आता वरच्यापेक्षा जास्त मान आहे, हे तुला लवकरच कळेल."

अण्णांना ते जे बोलले त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. महिन्यावर चर्चचा सण आला होता, बिशप येणार होते. त्या दिवशी लोकांनी अख्खा क्रेदो नीट म्हटला तर ठीक. नाही जमलं तर गोव्यात हे गाणं शिकून आलेला एक तरुण मेस्त यायला तयार होता. क्रेदो म्हणजे 'मी विश्वास ठेवतो' असं सांगणारी मिस्सेतली लांबलचक प्रार्थना. अण्णांनी घरी येऊन व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर ठेवली आणि वर एक जुनी चादर टाकली. ती चादर मला बघवेना. अण्णांची मेस्तकी जाऊ द्यायची नाही, असं मी मनाशी घोकायला लागले.

त्यानंतरचा महिना! तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. रविवारी दुपारी चर्चच्या आवारातल्या आंब्याखाली आम्ही जमायचो. हिंडलग्याकडची पोरं चालत यायची, कॅम्पातल्या मुली यायच्या, जांबोटीचे दोघे भाऊ तर आदल्या दिवशीच येऊन नातेवाइकांकडे राहायचे. फादरांनी दिलेल्या पुस्तकात पाचाऐवजी चारच रेघा होत्या आणि त्यांवर काळे चौकोनी ठिपके. अण्णांनी चष्मा पुसून पुसून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये काय बिब्बे वाळत घातल्यात काय रेघांवर?" ते बिब्बे मला अण्णांच्या आधी वाचता यायला लागले. मी ते फळ्यावर काढायची आणि अण्णा गुणगुणून बघायचे. बापलेक आम्ही एकाच वर्गात बसलो होतो आणि मला त्याचा लई आनंद होता. खोटं कशाला बोलू?

खरी अडचण निघाली ती तालाची. आमच्या पोरांचे कान भजनावर पोसलेले. शेजारच्या देवळात भजन लागलं की कट्ट्यावर बसून ऐकायचं, हे सगळ्यांचंच लहानपण. भजन संथ सुरू होतं आणि रंग भरला की लय चढत जाते. रंग भरला आणि लय चढली नाही, हे आमच्याकडे कुणाला खरंच वाटत नाही. त्यामुळे क्रेदो सुरू व्हायचा सावकाश, आणि चौथ्या ओळीला पोरं पायानं ठेका धरून पळत सुटायची.

हिंडलग्याचा एकजण म्हणाला, "अण्णा, ताल न्हाय तर गाणं म्हनायचं कशाला वो? पाय बांधून पळवल्यागत हुतंय."

"पळायचंच न्हाय रं," अण्णा म्हणाले. "चालायचं. मिस्सा हाय ती, शर्यत न्हवं."

मग अण्णांनी शिंप्याचं डोकं चालवलं. प्रत्येकाच्या जुळवलेल्या तळहातांवर काठोकाठ भरलेला एकेक तांब्या दिला. ठेका धरला की पाणी सांडणार. पहिल्या दिवशी पुरुषांच्या बाजूला एवढा चिखल झाला की फादरांना झग्याचा घोळ वर धरून जावं लागलं. आमच्या बाजूचं पाणी जवळजवळ तसंच राहिलं, आणि मी ते चार जणांना ऐकू जाईल असं बोलून दाखवलं. अण्णांनी डोळे वटारले, पण मिशीत हसू होतं. शेवटच्या रविवारी दोन्हीकडचे तांबे भरलेले राहिले आणि पोरांनी ते पाणी एकमेकांच्या अंगावर ओतलं.

सणाचा दिवस उजाडला. चर्च खच्चून भरलं होतं. उजवीकडे पुरुष, डावीकडे आम्ही. वर माळ्यावर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. अण्णा पुरुषांच्या पहिल्या बाकापाशी उभे, मी आमच्या पहिल्या बाकावर. एक ओळ पुरुषांनी म्हणायची, एक आम्ही. फादरांनी सुरुवात करून दिली आणि एवढे आवाज एकदम उठले की माझ्या अंगावर काटा आला. बापजन्मात न गायलेल्या म्हाताऱ्यासुद्धा गात होत्या!

आणि त्या आनंदानंच घात केला. हातात तांब्या नव्हता ना! तिसऱ्या ओळीला जांबोटीच्या धाकट्या भावाचा हात मांडीवर पडायला लागला, त्याच्या मागच्यांनी तो ठेका उचलला आणि अख्खी उजवी बाजू उधळली. लय चढली, तसा सूरही चढला. अण्णा हातानं थोपवत होते, पण त्यांच्याकडे बघतंय कोण? फादर वेदीवरून वळून बघायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे ती कपाटावरच्या पेटीची चादर आली.

खरं सांगते, मलाही पळावंसं वाटत होतं. रक्तच तसलं आमचं. पण आमची ओळ आली तेव्हा मी दोन्ही तळवे जुळवून समोर धरले, त्यांत तांब्या आहे असं समजले आणि संथ सुरू केलं. मागच्या मुलींनी माझे हात बघितले आणि आपलेही तसेच धरले. पुरुष पुन्हा पळाले. आम्ही पुन्हा चाललो. असं दोनदा झालं.

क्रेदोत एका ओळीला सगळ्यांना गुडघे टेकायचे असतात. सगळे टेकले. उठल्यावर पुढची ओळ पुरुषांची होती आणि त्यांना सूरच सापडेना. इतके वर चढून बसले होते की खाली यायला वाट नव्हती. गाणं थांबलं. अण्णांचा हात नकळत डाव्या खांद्याकडे गेला, जिथं व्हायोलिन असायचं, आणि तसाच खाली आला.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी जरा वर केली.

मी ओठ मिटूनच सूर दिला, एकच, त्यांच्या गजाच्या ओढीएवढा. अण्णांनी तो घेतला. त्यांच्यावरून पुरुषांनी घेतला. तिथून आमेनपर्यंत दोन्ही बाजू एका पावलानं चालल्या.

मिस्सेनंतर बिशप दारात थांबले. अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मेस्त, पुढच्या सणालाही तुम्हीच गाणं बसवा. पण वाद्य नसताना सूर कुठून आणलात?"

"वाद्य हाय की, साहेब," अण्णा म्हणाले. "माळ्यावरनं खाली आणलंय, एवढंच." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होते.