मावशीची मागची भिंत

माझ्या मावसबहिणीचा, मेईचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या तुआस भागातल्या आमच्या कारखान्यात, वाफेच्या भट्टीतून नुकत्याच निघालेल्या बोर्डांच्या थप्पीपाशी उभा होतो. सिमेंटचे बोर्ड, पण अंगावर लाकडासारख्या रेषा उठवलेले. घरांच्या बाहेरच्या भिंतींना लावायला आम्ही ते बनवतो, आणि गेली कित्येक वर्षं माझं घर त्यावरच चालतं. "संजूदादा, मम्मी गॉन ऑलरेडी," मेई म्हणाली. माझा हात त्या गरम बोर्डावर तसाच राहिला. मावशी गेली हे ऐकलं तेव्हा माझा हात नेमका कशावर होता, हे मला विसरता येत नाही... आणि विसरावं असंही वाटत नाही.

नंतर वन-नॉर्थ भागाजवळच्या एका निवासी संकुलाच्या हॉलमध्ये आपल्या लोकांनी तिच्यासाठी सभा घेतली. त्रिशरण झालं, फोटोला फुलं वाहिली, आणि मग बोलायला उठलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला, "सुमनमावशी हट्टी होत्या, पण प्रेमळ होत्या." मी खाली मान घालून ऐकत होतो. त्या दिवशी उठून बोलायला हवं होतं, ते आज लिहितो आहे. त्या वाक्यातला 'पण' मला मान्य नाही. आणि तिला हट्टी म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी होतो, म्हणून ते खोडून काढण्याचा पहिला हक्कही माझाच आहे. हा लेख समतोल होणार नाही. समतोल मी पुष्कळ वर्षं राखला.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढली, नर्सिंग शिकली आणि सिंगापूरच्या एका इस्पितळात नोकरीला आली. तिच्या वॉर्डात पाय मोडून पडलेले भूगोलाचे चिनी मास्तर, विल्फ्रेड, पुढे आमचे काका झाले. नागपूरला मोठी खळबळ उडाली होती. मावशीने आजोबांना एवढंच कळवलं, की मुलगा बौद्धच आहे, फक्त त्यांच्याकडे बुद्धापुढे संत्री ठेवतात. त्यात नागपूरच्या माणसाने तक्रार काय करायची? काकांचं घर जू चियाट भागातलं, त्यांच्या आजोबांनी बांधलेलं, विटांच्या खांबांवर उचललेलं लाकडी घर. भिंती आडव्या फळ्यांच्या, वरची फळी खालचीवर थोडी चढवलेली, माशाच्या खवल्यांसारखी, म्हणजे पाऊस कितीही झोडपला तरी पाणी ओघळून जातं. आता तो भाग जतन करण्याच्या यादीत आहे. घराचा दर्शनी भाग होता तसाच ठेवावा लागतो, मागच्या बाजूला थोडी मोकळीक असते. काका गेल्यावर मेई नोकरीच्या मागे लागली आणि घर एकट्या मावशीकडे आलं. दर बुद्धपौर्णिमेच्या आधी ती घर धुवायची, आणि धुतलेल्या भिंती वाळल्या की एकेक फळी बोटांच्या पेरांनी वाजवत घराभोवती फिरायची. डॉक्टर रोग्याची पाठ वाजवून पाहतात तशी. खणखणीत वाजली की म्हणायची, "आहे." भद्द आवाज आला की, "गेली." वॉर्डातलीच भाषा. मग गेलेल्या फळीचा कुजलेला भाग तेवढाच कापायचा, आणि तिथे त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांधायचा. अख्खी फळी ती सहसा बदलू द्यायची नाही. नव्या तुकड्याचा रंग वेगळा दिसायचा. तो झाकायचीही नाही.

मी इथे नोकरीला आलो तेव्हा पहिल्या भेटीला मोठ्या हौशीने आमच्या बोर्डाचा नमुना घेऊन गेलो. वाळवी नाही, कुजणं नाही, तेल पाजणं नाही, सगळं सांगितलं. मावशीने नमुना उलटसुलट केला, रेषांवरून अंगठा फिरवला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "झाडाचं नाव काय?"

"झाड नाही मावशी, सिमेंट आहे."

"मग ह्या रेघा कोणाच्या आहेत?"

तिने तो नमुना स्वयंपाकघरात ठेवला आणि त्यावर गरम पातेली उतरवायला सुरुवात केली. "कामाचा निघाला तुझा बोर्ड," जेवायला आलेल्या प्रत्येकाला माझ्यादेखत सांगायची. मी हसायचो. आत कुठेतरी लागायचंही.

तिला लागायचं ते लाकूड चेंगाल. जड, तेलकट, दाट. नवं मिळणं अवघड, म्हणून कुठे जुनं घर पाडताहेत असं कळलं की ती तिथे हजर. एका रविवारी शेजारच्या गल्लीतून तिने एक लांबलचक फळी मिळवली आणि मला बोलावून घेतलं. गाडीत मावेना, तेव्हा खांद्यावर घेतली. पुढे मी, मागे ती. तेव्हा सत्तरी ओलांडलेली. खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरवरून जाताना कॉफी पिणारी माणसं बोलायची थांबली, एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली.

"संजू," मागून आवाज आला, "लोकांना वाटून राहिलं कोणीतरी गेलं."

"तुला हसू येतं मावशी?"

"येणार नाही तर काय? याला तर घरी घेऊन चाललो आपण."

समोरच्या भिंतीच्या लाकडाला माझा विरोध कधीच नव्हता. नियमच तसा होता. माझं भांडण होतं मागच्या भिंतीवरून. "मागे बोर्ड लावू, रस्त्यावरून दिसत नाही, नियमात बसतं, मेईची कटकट वाचेल," मी दर वर्षी म्हणायचो. "मागची भिंत कोण पाहतं?"

"काहून? मी पाहते ना. कपडे वाळू घालताना मी काय रस्त्याकडे तोंड करून उभी राहते का?"

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं आणि तिला इस्पितळात ठेवावं लागलं. त्याच सुमारास मागच्या भिंतीत, खालच्या कोपऱ्यात, मेईला वाळवी दिसली. ती घाबरून गेली. मी जाऊन बॅटरी मारून पाहिलं आणि एका कोपऱ्यावरून साऱ्या भिंतीचा निकाल लावला. हे लपवण्यात अर्थ नाही. कंत्राटदार मी ठरवला, बोर्ड माझ्याच कारखान्यातून काढले, आणि मावशी घरी यायच्या आत काम उरकायचं असं मेईला मीच सुचवलं. पावसाने दोन-तीनदा काम पुढे ढकललं. शेवटी लॉरी मागच्या गल्लीत लागली आणि मावशीला घरी आणणारी टॅक्सी पुढच्या फाटकाशी, एकाच सकाळी.

मावशीला लॉरीचा आवाज ऐकू आला. तिने मेईला व्हीलचेअर घरामागे न्यायला लावली, भिंतीला पाठ टेकेल अशी खुर्ची उभी केली आणि स्वतःच्या हाताने दोन्ही ब्रेक लावले. कंत्राटदार बिचारा अदबीने म्हणाला, "आंटी, कॅनॉट लाइक धिस लाह. माय वर्कर ऑल वेटिंग."

"वेट लाह," मावशी म्हणाली. "आय ऑल्सो वेटिंग."

मग माझ्याकडे वळली. आवाज चढला नाही. "बरं झालं तू डॉक्टर नाही झाला, संजू. बोट काळं पडलं म्हणून तू माणूसच बदलून दिला असता."

"मावशी, वाळवी आहे. सगळी भिंत गेली आहे."

"वाजवून पाहिली?"

आम्ही दोघांनी एकही फळी वाजवली नव्हती. मी या धंद्यातला माणूस, आणि बॅटरीच्या उजेडापलीकडे माझी अक्कल गेली नाही. मावशीने बसल्या जागी हात मागे नेला आणि वाजवायला सुरुवात केली. "गेली... गेली... ही पण गेली..." मग जरा वर. "आहे." हात पुरेना तेव्हा तिने मला स्वयंपाकघरातून डाव आणायला लावला. मी वरच्या फळ्या डावाने वाजवल्या आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. "आहे. आहे. आहे." खालच्या काही ओळी सोडल्या तर सारी भिंत धडधाकट होती. लॉरी तशीच परत गेली. त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो होतो, हेही लिहून ठेवतो. कारखान्यात माल परत घेताना काय तोंड दाखवू, हा विचार माझ्या मनात तिच्या आजारपणाच्याही आधी आला.

पुढचे काही शनिवार मी आणि एक सुतार खालच्या ओळी कापून सांधत होतो. त्या रविवारच्या फळीचेच तुकडे. मावशी खुर्चीत बसून पेरूच्या फोडी खात सूचना करायची. "जेवढं गेलं तेवढंच काढ. राहिलेल्याचा काय गुन्हा?" मोरीजवळची शेवटची ओळ राहून गेली. आधी पाऊस, मग सुताराची सुट्टी, मग मला ऑफिसचं काम... आणि मग तो फोन.

गेल्या शनिवारी मेईने मला बोलावलं. घर आता तिचं आहे, भाड्याने द्यायचा तिचा विचार आहे आणि तो चूक नाही. आम्ही मागच्या अंगणात उभे होतो. तारेवर तिचे ऑफिसचे शर्ट वाळत होते.

"दादा, नाऊ कॅन चेंज ऑल, राइट? युअर कंपनी वन. टेनंट हू वॉन्ट टू ऑइल वॉल? मम्मी नॉट हिअर ऑलरेडी."

पूर्वीचा मी असतो तर मान डोलावली असती. मलाही सोपं, तिलाही सोपं. पण मी नाही म्हणालो. "भिंत तुझी आहे, मेई. बदलायची तर बदल. माझ्या कारखान्याचा बोर्ड मी इथे लागू देणार नाही. तेल मी पाजीन, दर वर्षी येईन, भाडेकरूला मी समजावीन."

"यू ऑल्सो क्रेझी. द होल वॉल गॉन, दादा."

"वाजवून पाहिलीस?"

ती माझ्याकडे रागाने पाहत राहिली. लहानपणापासून मेईला मराठी कळतं, पण तोंडातून येतं ते इंग्रजीच, मावशी त्यावरून आयुष्यभर तिला टोमणे मारत आली. ती तरातरा भिंतीकडे गेली, मला खोटं पाडायलाच. खाली बसली आणि मोरीजवळच्या फळीवर पेरं आपटली. भद्द आवाज आला. "सी? गॉन." तिच्या वरच्या फळीवर आपटली. मग थांबली. पुन्हा वाजवली, या वेळी हळू, कान जवळ नेऊन, मान किंचित कलती करून. त्या कलत्या मानेकडे मला पाहवेना. मी तारेवरच्या शर्टांकडे पाहत राहिलो, आणि पाठीमागून तिचा आवाज आला, अगदी वॉर्डातल्यासारखा.

"आहे."