दादाचा बिनपंख्याचा लॅपटॉप

वडिलोपार्जित इस्टेट नसल्यामुळे आम्हा बहीणभावाला भांडायला कॉम्प्युटर पुरला. दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला. मी बदलापुरात, मांजर्लीला, घरी बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला की मी त्याहून वेगवान चिपचा घ्यायचे. गिगाहर्ट्झचा आकडा वाढत गेला, तसा कॉम्प्युटरचा डबाही तापत गेला. शेवटी मी माझ्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. पण पुढे मीच होते.

गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दादा आला. त्याला सुट्टी होती आणि आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद. त्याने पिशवीतून वहीएवढा लॅपटॉप काढला.

"किती गिगाहर्ट्झ?" मी विचारलं.

"ते आता कोण विचारतं? आमच्याकडेसुद्धा मोटर केवढी यापेक्षा वीज किती खाते ते आधी बघतात. चिपवाल्यांचंही तसंच झालंय. जास्त पळवली की तापते, मग कमी विजेत जास्त काम कोण करतो यावरच चुरस. याला पंखासुद्धा नाही."

मी इन्व्हर्टरवर माझा डबा चालू केला. अर्ध्या तासात इन्व्हर्टर टूंटूं करू लागला आणि डोक्यावरचा पंखाही थांबला. दादा नुसता हसला, ते जास्त लागलं.

तो फोनवर बोलायला गॅलरीत गेला तेव्हा मी त्याच्या लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला, सहा व्हिडिओ आवाज बंद करून सुरू केले आणि झाकण जरासं खाली ओढलं. मग त्याला आग्रह करकरून जेवू घातलं. दोन वाजता हळूच पाहिलं, बॅटरी अजून निम्म्याच्या वर.

माझ्या डोक्यावर मात्र एक लग्न बसलं होतं. संध्याकाळी द्यायचं होतं.

"दादा, तुझ्या लॅपटॉपवर माझं काम होईल का?"

"होईल की. तुझे सहा व्हिडिओ तेवढे बंद कर."

मी खाली मान घालून ते बंद केले. लाइट यायच्या आत लग्न तयार झालं, आणि मला म्हणायला नको वाटतं, पण माझ्या डब्यापेक्षा लवकर.

दिवाळीत मीही तसलाच लॅपटॉप घेतला. आता भांडण बॅटरीच्या तासांवर चालतं. मी चौदा म्हटलं की दादा पंधरा म्हणतो. वहिनी म्हणते, दोघंही चार्जर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.