मास्तरांनी शिवलेली मोटरसायकल

मास्तरांचं जगात एकाच गोष्टीशी हाडवैर होतं, आणि ती म्हणजे तेल. तीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले, पण गिऱ्हाइकाच्या कापडावर तेलाचा ठिपका पडला असं एकदाही झालं नाही. मशीनला तेल घालायचं ते शनिवारी दुकान बंद करताना. सोमवारी सकाळी पहिला पाव तास नुसत्या चिंधीवर टिपा मारायच्या आणि चिंधी कोरडी निघाली की मगच कापड सुईखाली सरकवायचं. त्यांचे आणखीही दोन कडक नियम होते. एक, माप समोर उभं राहून द्यायचं. चिठ्ठीवर, निरोपावर, फोनवर माप घेणार नाही, मग गिऱ्हाईक नवरदेव का असेना. दुसरा, कापड कधीच नेमक्या रेषेवर कापायचं नाही. रेषेबाहेर अर्धं बोट जास्तीचं कापड सोडायचं, शिंपी ज्याला माया म्हणतात ती. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं ब्रह्मदेवालाही जोडता येत नाही, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, अगदी नुसतं बटण लावून घ्यायला आलेल्यालासुद्धा.

तर अशा या माणसाच्या दुकानामागच्या अंगणात एके दिवशी काळं तेल ठिबकणारी मोटरसायकल ढकलत आणली गेली, तेव्हा गल्लीला वाटलं, मास्तरांच्या डोक्याची शिवण उसवली.

गाडीही काय, पाहत राहावी अशी! उंच, हडकुळी, चिखलातून आणि दगडधोंड्यांतून पळवायची जुनी टू-स्ट्रोक. एका कंत्राटदाराच्या गोदामामागे आठ वर्षं पडून होती. मास्तरांनी ती एक कोट आणि दोन पँटींच्या शिलाईवर घेतली, आणि व्यवहारात आपण फसलो असं दोघांपैकी फक्त कंत्राटदाराला वाटलं नाही. सीटमधून स्पंज बाहेर लोंबत होता, हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता आणि किक मारली तर पाय तेवढा खालीवर होई, गाडी हूं की चूं करत नसे.

हे सगळं कशासाठी, तर लेकीसाठी. मास्तरांना एकुलती एक मुलगी. लहानपणी ती लोहचुंबक घेऊन दुकानभर सांडलेल्या टाचण्या गोळा करायची, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणू लागले. मोठेपणी जीभ अशी निघाली की ते नाव बदलायची गरजच पडली नाही. सव्वा वर्षापूर्वी टाचणीला दूरच्या शहरात शर्यतीच्या मोटरसायकली दुरुस्त करण्याचं काम लागलं. ती जाड निळं कापड घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, कामावर घालायला एक डांगरी शिवून द्या ना. पुढं चेन, चार खिसे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मास्तरांचं झालं. "माझ्या मशीनवर तेलात लोळायचे कपडे शिवले जात नाहीत," ते म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढं म्हणाले, "आणि त्या कामात आहे काय एवढं? दहा नट काढायचे, दहा नट लावायचे. गाढवसुद्धा करेल."

टाचणीनं कापड टेबलावर ठेवलं. "मग तुम्ही एक इंजिन उघडून परत जोडून दाखवा. चालू झालं की मला फोन करा. तोवर नको."

ती गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर पीळ बापाकडूनच लेकीकडे आलेला. दर रविवारी सकाळी तिचा आईला फोन यायचा. आई विचारायची, "हे इथंच बसलेत, देऊ का?" पलीकडून नको, आणि अलीकडे मास्तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलेले. निळं कापड वरच्या फळीवर गेलं. मास्तरांना मुलीची आठवण यायची. सरळच सांगायचं तर फार यायची. तिच्या वयाची कोणी मुलगी माप द्यायला आली की त्यांचं टेपवरचं लक्ष उडायचं. शेवटी त्यांनी गाडी आणली आणि बायकोला म्हणाले, "करूनच दाखवतो तिला."

"दाखवा," बायको म्हणाली. "पण अंगणातच दाखवा. त्या हातांनी घरातल्या पडद्यांना शिवायचं नाही."

मास्तरांनी गाडी उघडायला घेतली ती कोट उसवावा तशी. जो भाग शेवटी बसवलाय तो आधी काढायचा. निघालेल्या प्रत्येक तुकड्याला कागदाची चिठ्ठी, त्यावर सुवाच्य अक्षरात 'उजवी बाजू, खालचा', 'याच्या मागे चकती आहे, विसरू नये'. नटबोल्ट बटणांच्या डब्यांत. मापाच्या वहीत 'छाती अडतीस' याच्या खालच्या ओळीत 'कार्ब्युरेटर, डावा स्क्रू, दीड फेरा'. समोरच्या गॅरेजचा मेकॅनिक हे बघायला रोज चहाचा ग्लास घेऊन यायचा. गाडी जळून कोळसा झालेली असली तरी तो "होईल, होईल" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला होईलदादा म्हणत.

एकदा मात्र तो ग्लास टाकून धावला. कार्ब्युरेटरच्या पितळी जेटचं केसाएवढं भोक बुजलं होतं, आणि भोक दिसलं की शिंप्याचा हात कुठं जाणार? मास्तर त्यात नऊ नंबरची सुई घालणार, एवढ्यात होईलदादानं त्यांचं मनगट धरलं. "मास्तर, सुई नको! भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल ढोसत बसेल. हवा मारा, नुसती हवा!"

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं, हे कळलं तेव्हा मास्तरांचा विश्वासच बसेना. "मुद्दाम?" त्यांनी तीनदा विचारलं. "चांगल्या पेट्रोलमध्ये आपल्या हातानं तेल ओतायचं?" ओतलं, पण बाटली चिमटीत, मान दुसरीकडे.

दिवस जात होते, तसा मास्तरांचा आवाज खाली येत होता. सिलिंडरचा एक नट चार दिवस निघेना. तेल सोडून झालं, गरम करून झालं, शिव्या देऊन झाल्या. पाचव्या दिवशी नट सुटला आणि मास्तर अंगणातच मटकन बसले. सोलवटलेल्या बोटांकडे पाहताना त्यांच्या मनात आलं, ही पोर हे रोज करते. दहा नट काढायचे, दहा लावायचे! आपणच बोललेलं वाक्य त्यांना खड्यासारखं टोचलं. आता त्यांना जिंकायचं नव्हतंच. गाडी एकदा चालू व्हावी आणि तिला फोन करायचं तोंड आपल्याला मिळावं, एवढीच इच्छा उरली होती.

सिलिंडर वर उचलला तर खालच्या गॅस्केटच्या चिंध्या झालेल्या. सिलिंडर आणि खालचं इंजिन यांच्यामध्ये बसणारं ते जाड कागदाचं अस्तर. गाडी इतकी जुनी की तसलं गॅस्केट कुठल्या दुकानात मिळेना. होईलदादा म्हणाला, "होईल, होईल. शीट आणा, मी कापून देतो."

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ग्लास घेऊन निमूट निघून गेला. कापायचं काम, आणि दुसऱ्याला? महिनाभरात पहिल्यांदाच मास्तर आपल्या मुलखात आले होते. त्यांनी शीट टेबलावर अंथरली, सिलिंडर उपडा ठेवून खडूनं आखून घेतलं. मधलं मोठं भोक, बोल्टांची चार छिद्रं, बाजूच्या दोन खिडक्या. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, म्हणून कागदाची वेगळी कात्री काढली. गोलाई अशी घेतली की कॉलरची पट्टी झक मारेल. मधलं भोक आणि बोल्टांची छिद्रं जरा घट्ट होत होती, ती सिलिंडर बसेपर्यंत मोठी केली. सिलिंडर बसवल्यावर बाहेरून गॅस्केटची कड झालरीसारखी थोडी डोकावत होती, तीही एकसारखी. होईलदादा परत येऊन पाहून गेला आणि हसत म्हणाला, "वा मास्तर, फिनिशिंग!"

सीटलाही नवं कव्हर झालं, दुहेरी टिपेचं. तिच्याहून देखणी सीट त्या रस्त्यावर दुसरी नव्हती. आता फक्त गाडी चालू व्हायची राहिली होती, आणि ती होत नव्हती.

शुक्रवारी मास्तरांनी ऐंशी किका मारल्या. शनिवारी मोजायचं सोडून दिलं. होईलदादानं प्लग काढून पाहिला, ठिणगी झकास. कार्ब्युरेटर पाहिला, पेट्रोल येतंय. हवेचा फिल्टर पाहिला, उंदीर नाहीत. शेवटी कपाळावरचा घाम पुसून तो म्हणाला, "मास्तर, हे काही व्हायचं नाही."

होईलदादाच्या तोंडून हे वाक्य गल्लीनं प्रथमच ऐकलं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी रविवार. फोन वाजला. नेहमीसारखं बोलून झाल्यावर बायकोनं यावेळी "देऊ का" विचारलंच नाही. सरळ अंगणात आली आणि फोन मास्तरांसमोर धरला. "अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात," ती म्हणाली. "आता यात गाढव कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बोला."

मास्तरांनी फोन घेतला. सव्वा वर्षानं बोलायचं म्हणजे काहीतरी भारदस्त बोलावं, असं त्यांनी ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "चालू होत नाही गं."

पलीकडून टाचणीचा आवाज आला, कामावरचा, कोरडा. "कुठली गाडी? टू-स्ट्रोक? ठिणगी आहे?"

"झकास आहे."

"पेट्रोल?"

"येतंय."

"दहा किका मारा आणि प्लग काढून बघा. ओला आहे की कोरडा?"

मास्तरांनी किका मारल्या, प्लग काढला. "कोरडा ठणठणीत."

"म्हणजे पेट्रोल खाली येतंय आणि वर चढत नाही. कुठंतरी वाट बंद आहे." ती पुटपुटत राहिली आणि एकदम थांबली. "बाबा, सिलिंडरखालचं गॅस्केट कुठनं आणलं?"

"आणायचं कशाला? मी कापलं," मास्तर म्हणाले. एवढ्या हालातही छाती जराशी फुगलीच.

तिनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही माया सोडलीत का?"

"न सोडून कसं चालेल? अर्धं बोट सोडली. आत, बाहेर, सगळीकडे."

आणि टाचणी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. कोरडा आवाज कुठल्या कुठे पळाला आणि फोनमधून नऊ वर्षांची पोर हसू लागली. "अहो, त्या बाजूच्या दोन खिडक्यांतूनच पेट्रोल वर जातं! तुम्ही अर्धं बोट आत, अर्धं बोट बाहेर सोडून त्या बुजवून टाकल्यात! जगातला कुठलाही मेकॅनिक जन्मात ओळखणार नाही हे. मी ओळखलं, कारण बाहुलीचा फ्रॉक रेषेवर कापला म्हणून मी टेपचा मार खाल्लाय."

मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं करून घेतलं. "आता काय करू?"

"उघडा आणि रेषेवर कापा. अगदी रेषेवर. मग मला फोन करा."

चिठ्ठ्या होत्या, डबे होते. दीड तासात सिलिंडर वर आला. मास्तर कात्री घेऊन बसले. तीस वर्षांत जे हातानं केलं नव्हतं ते करायचं होतं. कात्री रेषेपाशी आली की आपोआप बाहेर वळायची. शेवटी त्यांनी बायकोला समोर उभं केलं आणि म्हणाले, "मी बाहेर गेलो की ओरड." ती चारदा ओरडली. खिडक्या मोकळ्या झाल्या.

सगळं जोडून झाल्यावर बायकोनं फोन लावला आणि गाडीजवळ धरला. पहिली किक, काही नाही. दुसऱ्या किकला गाडी नुसतीच खोकली. तिसऱ्या किकला असा काही आवाज झाला की होईलदादाचा चहा सांडला, अंगण निळ्या धुरानं भरलं आणि गाडी टरटर करत जागच्या जागी थरथरू लागली.

"झाली!" मास्तर ओरडले. "ऐकतेस ना? झाली!"

"ऐकतेय! आता बंद करा, बाबा, गरम होईल!"

"बंद कशी करतात?"

हा प्रश्न आजवर आलाच नव्हता. ती परत हसत सुटली. त्या गोंगाटात मास्तरांनी फोन तोंडाशी धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "गाढवाचं काम नाही ते! मी चुकलो. ऐकलंस का?"

होईलदादानं कुठलंसं बटण दाबलं आणि गाडी बंद पडली. एकदम शांत झालं.

"ऐकलं," टाचणी म्हणाली. आवाज जरा ओला होता. "माझं निळं कापड आहे अजून?"

"आहे. वरच्या फळीवर."

"मग घ्या ना शिवायला. माप सांगते, लिहून घ्या."

"मी फोनवर माप घेत नाही," मास्तर म्हणाले.

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणून तर विचारलं. पुढच्या रविवारी येते."

मास्तर तसेच दुकानात गेले, स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी कापड खाली काढलं. आधी भिजवून, वाळवून घ्यायला हवं, नाहीतर मागाहून आटतं. मागोमाग आलेली बायको किंचाळली, "अहो, हात! हातांचं तेल!" निळ्या कापडावर काळी बोटं लख्ख उमटली होती. मास्तरांनी ती उजेडाकडे धरून नीट पाहिली.

"असू दे," ते म्हणाले. "कामाचा कपडा आहे."