चार प्लग आणि उस्तादांचे कान

मोटारीच्या धंद्यातल्या गोष्टी प्लगवरच्या काजळीसारख्या असतात. रोज थोडी थोडी साचते, कुणाला पत्ता लागत नाही, आणि एक दिवस इंजिन मिस मारायला लागतं. मग ती खरवडून काढावीच लागते. माझंही तसंच आहे. पंधरा दिवस कुणाला काही सांगितलं नाही तर माझे पाय आपोआप हलायला लागतात. मग बायकोच म्हणते, "जा, कुणाला तरी सांगून या आणि मला झोपू द्या."

तर लढाईची वर्षं होती. अंमल निजामाचा, पेट्रोल कूपनावर, आणि नवे प्लग मिळणं म्हणजे वाघाचं दूध मिळण्यासारखं. मी गंगाखेड ते पालम सर्विस मोटार चालवायचो. बाजाराच्या दिवशी ती राणीसावरगावलाही जायची. मालक परभणीला राहायचे, महिन्यातून एकदा रेल्वेनं येऊन गाडी बघून जायचे. तिकिटं फाडायला मारुती होता. आणि गाडी जिवंत ठेवायला आमचे मेकॅनिक होते, गफूर उस्ताद.

प्लग झिजलाय हे कसं ओळखायचं, ते मला उस्तादांनी शिकवलं. सकाळी हॅण्डल मारून मारून खांदा उखडायची वेळ आली की पहिला संशय प्लगवर घ्यायचा. चढावर गाडी गचके द्यायला लागली की संशय पक्का. आणि रोजच्या तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी पालमच्या अलीकडेच थांबली, की मग प्लग उघडूनच बघायचा. निरोगी प्लगचा रंग चांगल्या भाजलेल्या भाकरीसारखा असतो. काळाकुट्ट निघाला तर खरवडायचा. टोक झिजून गोल झालं असेल तर फेकायचा. फेकायचा म्हणजे उस्ताद खिशात टाकायचे, कारण दुसरा होता कुणाकडे?

एकदा चढावर गाडी फटफट मिस मारत होती. उस्ताद शेजारीच बसले होते, पण शांतपणे रानातली ज्वारी बघत होते. मी विचारलं, कुठला प्लग असेल? उत्तर नाही. ओरडून विचारलं, तरी नाही. मग त्यांचा हात सहज समोरच्या पत्र्यावर पडला आणि ते दचकून म्हणाले, "आरं, गाडी मिस मारायलीय. सांगायचं न्हाई व्हय?"

त्या संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला सांगितलं. वर्ष झालं, दोन्ही कान गेलेत. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते अर्धं ओळखायचे, उरलेलं अंदाजानं. मालकांचं तर ठाम मत होतं की मेकॅनिक म्हणजे कान. त्यांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी उस्ताद घरी. जिल्ह्यात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, आणि या माणसाला मोटारीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. "कुणाला सांगू नको," एवढंच ते म्हणाले. झालं, त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

*

एकदा पालमच्या वाटेवर गाडी बसली. पुढच्या शिटावर तहसील कचेरीतले पेशकारसाहेब, कडक शेरवानीत. उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि तापलेल्या प्लगांवर एकेक करून थुंकायला सुरुवात केली. साहेब खाली उतरले ते लालबुंद होऊनच. सरकारी माणसासमोर थुंकतोस म्हणजे काय, असं विचारू लागले.

आता उस्ताद भलतंच काहीतरी उत्तर देणार आणि बिंग फुटणार! पण शेरवानीवाला चिडलाय हे कळायला कान लागत नाहीत. उस्तादांनी अदबीनं सलाम केला आणि समजावून सांगितलं, "साहेब, जो काम करायलाय तो गरम असतो. थुंकलं की चुर्र करतो. जो गप बसतो, तो फुकटचा बसलाय."

साहेबांनी वाकून तिसरा प्लग बघितला. मग चौथा बघितला. बराच वेळ विचार करून म्हणाले, "उस्ताद, एकदा आमच्या कचेरीत या."

*

माझे कान मात्र ठणठणीत होते, आणि तेच दुखणं होऊन बसलं. उस्तादांच्या वाटणीचंही मीच ऐकायला लागलो. जेवताना ऐकायचो, अंघोळ करताना ऐकायचो. एके दिवशी गंगाखेडच्या बाजारातून चाललो होतो, तर पिठाच्या गिरणीचं इंजिन अडखळतंय असं वाटलं. राहवेना. सरळ आत घुसलो आणि गिरणीवाल्याला सांगितलं, तुमचा प्लग गेलाय, आजच्या आज बदला.

त्यानं पिठानं माखलेल्या भुवया वर केल्या. म्हणाला, "ह्याला प्लगच नसतोय. घरी जाऊन झोपा."

*

आता ते गाव. नाव सांगत नाही, राणीसावरगावच्या वाटेवर आहे आणि तिथली माणसं अजून चिडतात. तिथं चावडीपुढं गाडी बंद पडली. दोन प्लग आधीच अर्धमेले होते, तिसऱ्याची चिनीमाती तडकली, आणि चौथ्यानं त्यांच्या दुःखात जीव सोडला. मी आणि मारुती बैलगाडीनं गंगाखेडला आणि तिथून रेल्वेनं परभणीला निघालो. उस्ताद गाडीजवळ थांबले. निघताना मारुतीनं पाटलांना बजावलं, "पिलगानं घात केला. चारी मेले. कुणी जवळ जाऊ नका."

प्लगला पिलग म्हणायची मारुतीची जुनी खोड. आणि त्या गावानं पिलेगाच्या साथीचे दोन फेरे बघितले होते. मोटार त्यांना नवी होती, पण पिलेग नवा नव्हता.

आम्ही गेल्यावर माणसं चावडीपासून लांब जमली, तोंडाला फडकी बांधून. तिथून ओरडून उस्तादांना विचारायला लागली, किती मेले? फडक्यामागचे ओठ उस्तादांना दिसेनात. त्यांनी आपला अंदाज केला, की बिचारे प्लगांची चौकशी करतायत. हसून चार बोटं दाखवली.

तिसऱ्या दिवशी प्लग घेऊन आलो तर गावात चिटपाखरू नाही. घरांना कड्या, चुली थंड. सगळं गाव शिवारात झोपड्या बांधून बसलेलं! पाटलांना उलगडून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. ते म्हणाले, ते सगळं खरं, पण एवढ्या झोपड्या बांधल्यात तर आता आठ दिवस इथंच राहतो. निघताना एक म्हातारी गाडीपासून चार हातांवर येऊन थांबली, तिथूनच बॉनेटकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मोटारीला टोचून घेतलं का?"

आम्ही हसत परत आलो. पण पाटील मनातून दुखावले होते. पुढच्या खेपेला परभणीला गेल्यावर ते मुद्दाम मालकांना भेटले आणि म्हणाले, तुमचा माणूस चार मेले म्हणून हसतो. त्याला ऐकू येत नाही का?

*

मालकांची चिठ्ठी आली. गुरुवारी येतो, उस्तादांची परीक्षा घ्यायची आहे. तीन नवे प्लग आणि एक झिजलेला बसवायचा, इंजिन चालू करायचं, आणि झिजलेला कुठला ते उस्तादांनी न उघडता सांगायचं. जमलं नाही तर दुसरा मेकॅनिक ठरलेला आहे.

मी दोन दिवस जेवलो नाही. शेवटी उस्तादांना म्हटलं, मी खुणा करतो. टोपीला हात लावला तर पहिला, कानाला दुसरा, नाकाला तिसरा, मिशीला चौथा. ते पेचकस पुसायला लागले.

गुरुवारी उस्तादांना लांब बसवून मालकांनी मारुतीकडून प्लग बसवून घेतले. झिजलेला दोन नंबरात गेला, मी डोळ्यांनी बघितलं. इंजिन चालू झालं आणि खरोखरच मिस मारायला लागलं. उस्ताद आले, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कानाला हात लावला. पण काळजीनं मला जागेवर उभं राहवेना. घाम आला म्हणून टोपी सरकवली, नाकाला खाज सुटली, आणि कधी मिशी ओढायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही. उस्तादांनी मान फिरवली.

त्यांनी लांब पेचकस घेतला, त्याची लाकडी मूठ दातात धरली आणि लोखंडी टोक एकेका प्लगच्या बुडाशी टेकवलं. डोळे मिटून दातांत येणारी थरथर जोखायला लागले. चारी जागी टेकवून झाल्यावर तिसऱ्याकडं परत आले. मग इंजिन बंद करायला लावून म्हणाले, "तिसरा."

मालक हसले. मला सांगितलं, झिजलेला दुसरा आहे, तिसरा कोरा करकरीत आहे. हा घोटाळा माझ्या हातांनी केला, या माणसाची भाकरी मीच घालवली, असं वाटून मला रडू यायला लागलं.

उस्तादांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी तिसरा प्लग काढून मालकांच्या हातात ठेवला. नव्या प्लगच्या चिनीमातीवर केसाएवढी चीर होती. त्या जागी त्यांनी खिशातला एक बसवला, मारुतीला हॅण्डल मारायला लावलं, आणि इंजिन एकसारखं चालू झालं. मालक हातातल्या चिरेकडं बघत उभे राहिले.

मग इंजिन थांबवून उस्तादांनी दुसरा काढला आणि आमच्याकडं पाठ करून उजेडात धरला. अंगठ्याच्या नखानं त्याची फट तपासायला लागले. मालक त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "उस्ताद, खरं सांगा. तुमचे कान गेलेत का?"

उस्ताद वळले नाहीत. त्यांनी प्लगवर फुंकर मारली, फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "जुना हाय, मालक. टोक झिजलंय. पर काम करायलाय. राहू द्या."

मालकांनी चीर गेलेला प्लग खिशात टाकला. मग म्हणाले, "राहू द्या."