ओराझबेक आगांची बारा मशिनं

ओराझबेक आगांना ऑफिसात सगळे टरकून असत. मी मात्र त्यांच्याशी बिनधास्त भांडायची. वय एकसष्ट. बायको, कुल्याश आपा, गेल्यापासून ते घरूनच काम करायचे, आणि आमच्या तिकीट कंपनीची सगळी मशिनं त्यांच्या ताब्यात होती. मशिनं म्हणजे डोळ्यांना दिसणारी नव्हेत, क्लाउडवर भाड्याने घेतलेली. गिऱ्हाइकांची गर्दी वाढली की नवं मशिन आपोआप उभं राहायचं, ओसरली की आपोआप बंद व्हायचं. ही व्यवस्था आगांनीच बसवली. त्याआधी जरा कुठं अडलं की त्यांचा फोन खणखणायचा. व्यवस्था बसली आणि फोन गप्प झाला.

फक्त शुक्रवारी वाजायचा. संध्याकाळी सहाला सुट्टीच्या गाड्यांची तिकिटं खुली व्हायची. मशिनं वाढत वाढत बारावर यायची आणि अडायची, कारण बारा ही वरची मर्यादा होती. ती वाढवायचा अधिकार एकट्या आगांना. तिकडे अख्खं अल्माटी पडद्याकडे बघत तिष्ठतंय, आणि इकडे मी फोन लावतेय.

"आगा, बारा झाली. वाढवा ना पटकन!"

"वाढवतो गं. ओरडू नकोस, बहिरा नाही मी." कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज यायचा. "घे, वीस केली. आज काय रांधलंस, झादिरा?"

"आगा, मी कामात आहे!"

"कसलं डोंबलाचं काम? मशिनं आपली आपण उभी राहतात. सांग की, काय रांधलंस?"

मी काहीतरी ठोकून द्यायची. लगमानच्या शेवया. वाफवलेली मंती. मग कुल्याश आपा मंतीच्या सारणात भोपळा किती घालायची, पोलंडला गेलेला मुलगा आता भोपळ्याला नाक कसं मुरडतो, असं त्यांचं चालू राहायचं. अर्धा तास सहज जायचा. "एकदाची कायमची वीस करून टाका ना," मी म्हणायची. "करीन, करीन," ते म्हणायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बारा.

मार्चमध्ये, नवरोजच्या आदल्या शुक्रवारी, तिकिटं पंचवीस मिनिटं अडली. तक्रारींचा पाऊस पडला. साहेबांनी मला बोलावलं, सगळे अधिकार माझ्या खात्याला दिले आणि म्हणाले, "हे कुणामुळे होतंय ते शोध. मला नाव हवंय. ज्याचं असेल तो घरी जाईल."

शोधायला दहा मिनिटं लागली. दर गुरुवारी दुपारी एक हुकूम आपोआप चालायचा: मर्यादा पुन्हा बारावर आणा. खाली नाव आगांचं. तीन वर्षं चालू होता. कुल्याश आपा गेल्याला तेवढीच वर्षं झाली होती.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चूक नव्हती ही, मुद्दाम केलेलं होतं! लोकांना ताटकळत ठेवून हे म्हातारबुवा मला मंतीबद्दल विचारणार! पण नाव सांगायला जीभ रेटेना. मी तो हुकूम पुसला, मर्यादा चाळीस केली आणि साहेबांना सांगितलं, "जुनं काहीतरी राहून गेलं होतं. काढलं." साहेबांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, पण विषय तिथंच संपला.

पुढच्या शुक्रवारी मशिनं बारा झाली, तेरा झाली, एकोणीसपर्यंत चढली आणि निमूट उतरली. कुणाचं काही अडलं नाही. सात वाजता माझा फोन वाजला.

"किती झाली?" आगांनी विचारलं.

"एकोणीस."

"छान. छान केलंस." मग लगेच, "बरं, ठेवतो."

काय रांधलंस, ते विचारलं नाही.

आमच्याकडे पाहुण्याला चहा वाटीत दोन घोटच ओततात. वाटी रिकामी होते, यजमानाकडे परत येते, पुन्हा दोन घोट, आणि गप्पा लांबत जातात. काठोकाठ भरून दिली की पाहुण्यानं ओळखायचं, आता उठायचं. बारा मशिनं म्हणजे आगांचे ते दोन घोट होते, आणि मी त्यांना चाळीसची वाटी भरून दिली होती. हे फोन ठेवल्यावर माझ्या टाळक्यात शिरलं. बाई गं, मला रडूच फुटलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी सहालाच ऑफिसातून निघाले आणि त्यांचं दार वाजवलं.

"काय अडलं?" दार उघडताच आगांनी विचारलं. चेहरा उजळला होता.

"काही नाही अडलं. सगळं नीट चाललंय."

"मग?"

"मग काही नाही. आले."

त्यांचा चेहरा विझला. माझी कीव करायला आलीस, असंच त्यांना वाटलं असणार. आत नेलं, बसवलं, दूध घातलेला चहा ओतला आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. काठोकाठ भरलेली.

"पी आणि नीघ," ते म्हणाले. "घरी वाट बघत असतील."

मी उठले, चहा मोरीत ओतला आणि रिकामी वाटी त्यांच्या पुढ्यात आपटली.

"पुन्हा ओता. नीट ओता."

"कुल्याशची वाटी आहे ती, फोडशील!" ते खेकसले. पण किटली उचलली. दोन घोट ओतले, त्याहून थेंबभर जास्त नाही. मग खाली बघत, हळूच विचारलं, "आज काय रांधलंस?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच मी खरं सांगितलं.

"काही नाही, आगा. कधीच काही रांधत नाही. एकटीसाठी कोण चूल पेटवतं?"